प्रेताचं काम करणाऱ्या भाटकर मॅडम

मला वाचायला ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव सुनंदा भाटकर. आईवडिलांचं ऋण आहेच, पण आमच्या घराण्यात पहिली पदवी माझ्या नावावर लागली ती या बाईंमुळे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात राग बराच आहे. रागाच्या भरात एवढं सांगायचं राहून जायला नको.

भाटकर मॅडम रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल होत्या. राहायला भाट्याला. रोज सकाळी खाडीवरचा पूल चालत ओलांडून यायच्या. पुलावर वारा फार, म्हणून पदर दोन ठिकाणी पिनांनी पक्का केलेला आणि छत्री मिटलेलीच, काठीसारखी हातात. घरी त्यांच्या कोण कोण होतं, लग्न झालं होतं की नव्हतं, हे मला आजही नीट माहीत नाही. विचारायची सोय नव्हती. एकदा एका प्राध्यापकांनी विचारलं, "मॅडम, घरी कोण असतं?" तर म्हणाल्या, "मी असते. तुम्ही येणार असाल तर आधी कळवा."

मी देवरुखच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका वाडीतला. वडील मुंबईत गोदामात कामाला, आई शेतात. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेत मला ग्रंथालयात काम मिळालं. पुस्तकं पुसायची, नंबर लावायचे, फाटलेली शिवायला काढायची. पहिल्या आठवड्यात मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, इंग्रजी सुधारेल असं काहीतरी द्या." त्यांनी एक मराठी रहस्यकादंबरी काढून दिली. मुखपृष्ठावर पिस्तूल, खाली पडलेली बाई.

"हे इंग्रजी नाही मॅडम."

"आधी मराठी तरी वाचता येतं का बघू. शेवटचं प्रकरण पहिल्यांदा वाचा."

"मग मजा काय राहिली?"

"खुनी कोण ते आधी कळलं की लेखक कुठे लबाडी करतो ते बघायला माणूस मोकळा होतो."

दोन दिवसांनी पुस्तक परत दिलं तेव्हा त्यांनी विचारलं, "रेल्वेचं फाटक किती वाजता बंद झालं?" मला आठवेना. "पावणेनऊ. इन्स्पेक्टर बंगल्यावर किती वाजता पोचला? सव्वानऊ. दुसरा रस्ता नाही असं लेखकानेच सांगितलंय. मग हा आला कुठून?" मी पुस्तक पुन्हा उघडलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचत नाही, प्रशांत. तुम्ही नुसते पुढे सरकता."

चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली पुढे न सरकता वाचायला शिकलो.

ग्रंथालयातल्या सगळ्या रहस्यकथांच्या समासात मॅडमच्या पेन्सिलीच्या नोंदी असायच्या. 'खोटं. जांभ्याच्या भिंतीतून कुजबूज ऐकू येत नाही.' 'भरती होती म्हणता, मग वाळूत पावलं कशी राहिली?' 'या मोलकरणीला कुणीच काही विचारलं नाही. का?' मुलं गोष्टीपेक्षा त्या नोंदींसाठी पुस्तकं न्यायची. ग्रंथालय समितीत तक्रार झाली की ग्रंथपालच पुस्तकं खराब करतात. मॅडम बैठकीला गेल्या आणि म्हणाल्या, "मी पुस्तकं खराब केलेली नाहीत. खराब होती, ती कुठे खराब आहेत ते दाखवलंय." तक्रार तिथेच राहिली, नोंदी चालूच राहिल्या.

त्यांना सगळ्यात आवडायचा तो अगदी जुना साचा. एकाकी बंगला, धो धो पाऊस, पूल पाण्याखाली, सात-आठ माणसं अडकलेली आणि मधोमध एक प्रेत. अशा शंभर गोष्टी त्यांनी वाचल्या असतील. कंटाळा येत नाही का, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "नाही. त्यात कुणाला पळून जाता येत नाही ना. खऱ्या जगात लोक निघून जातात."

दुसऱ्या वर्षी कॉलेजचा प्रोजेक्टर नाहीसा झाला. संशय लगेच रखवालदारावर. तो नेपाळचा, दिलबहादूर नावाचा, बायकोमुलांपासून लांब, फाटकाशेजारच्या खोलीत एकटा राहणारा. कुणी काही पाहिलं नव्हतं, तरी दुपारपर्यंत सगळ्यांची खात्री झाली होती. स्टाफरूममध्ये त्याला उभं करून प्रश्न चालले होते. मी चहाचे कप गोळा करायला गेलो होतो, म्हणून मला ऐकायला मिळालं. मॅडम दारातून म्हणाल्या, "तुम्ही चोर शोधत नाही आहात. तुम्हाला परवडेल असा माणूस शोधताय."

कार्यालय प्रमुख चिडले. "मॅडम, हे काय तुमच्या कादंबरीतलं आहे का?"

"कादंबरीत निदान सगळ्यांना एकेकदा विचारतात."

मग त्यांनी विचारलंच एकेकाला. संध्याकाळपर्यंत कळलं की प्रोजेक्टर संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांच्या घरी होता, पुतणीच्या लग्नाची फीत दाखवायला नेलेला. नेणाऱ्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. प्रोजेक्टर परत आला, सगळे हसले, विषय संपला. मॅडमचा संपला नाही. त्यांनी प्राचार्यांकडून दोन ओळींचं माफीपत्र लिहून घेतलं आणि सूचनाफलकावर स्वतः लावलं. तोवर दिलबहादूर नोकरी सोडून गेला होता. मला वाटलं, आता त्या कागदाचा उपयोग काय. मॅडमनी तो वर्षभर काढू दिला नाही. परीक्षेची वेळापत्रकं त्याच्या शेजारी लागायची, त्याच्यावर कुणी लावलं तर मॅडम स्वतः जाऊन बाजूला सरकवायच्या.

हे सगळं सांगतोय ते अशासाठी, की असल्या बाईंच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने पुढे काय केलं ते नीट कळावं.

पदवी घेऊन मी वाडीत परतलो त्या वर्षीची गोष्ट. आमच्या गावाच्या वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, चिरेखाण आहे. जांभा दगड यंत्राने कापून चिरे काढतात. खाण गावातल्या कुणाची नाही, रत्नागिरीतल्या एका शेठची. कामगार बहुतेक विजापूरकडचे. पावसाळ्यात खाण बंद ठेवायची असते, कारण कापलेली कड ओली झाली की सुटते. त्या जूनमध्ये ती चालू होती. यल्लप्पा नावाचा कामगार खाली चिरे उचलत असताना कड त्याच्यावर आली. हे मला नंतर कळलं. यंत्र चालवणारा सांगत होता की आधी दोरांनी यंत्र वर ओढून घेतलं, मग माती उकरायला सुरुवात केली. दोन तास गेले त्यात. तो यंत्रवालाही पंधरा दिवसांत कुठेतरी दुसरीकडे पाठवला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटील अनंतदादा आमच्या अंगणात आले. नात्याने माझे चुलतेच लागतात. आईला म्हणाले, "वयनी, प्रशांतला जरा धाडा. पंच म्हणून सय करायची हाय. शिकलेला मानूस असला की कागदाला वजन येता."

मी ग्रामपंचायतीच्या खोलीत गेलो. सड्यावर कुणी नेलं नाही, मीही गेलो नाही. आमच्याकडे अशीच पद्धत. हवालदार कागद तयार करून बसलेले असतात, पंच चहा पितात आणि सही करतात. मी इंग्रजीत सही केली, पूर्ण नाव, खाली रेघ. दुसरे पंच बाबू गुरव, त्यांनी अंगठा टेकवावा तशी कशीबशी सही केली. माझ्या सहीकडे बघून हवालदार म्हणाले, "वा, साहेब." घरी आल्यावर आईने विचारलं, "सय घेतलानी तुजी? इंग्रजीत केलीस ना?" आणि संध्याकाळी तिने हे पाणवठ्यावर चार बायकांना सांगितलं.

त्या कागदात लिहिलं होतं की मयत इसम दारूच्या नशेत खाणीच्या काठावरून तोल जाऊन पडला, आणि पंचांसमक्ष प्रेताची पाहणी केली असता दारूचा वास येत होता.

मी प्रेत पाहिलं नव्हतं. कागद वाचला नव्हता. चार दिवसांनी त्यात काय आहे ते कळलं, आणि मी गप्प बसलो. जयगडला एका ऑफिसात माझी मुलाखत झाली होती आणि पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा होता. तो अनंतदादांच्या हातून जाणार होता. दाखला आला. मी नोकरीला लागलो.

यानंतर दोन वर्षांनी मी भाटकर मॅडमना गावात नेलं. माझ्या अंगात एवढा निर्लज्जपणा कुठून आला, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आमच्या वाडीची मे महिन्यात पूजा असते. मुंबईकर येतात, आणि पूजेला वाडीतली माणसं नाटक बसवतात. दरवर्षी तेच ते विनोदी. त्या वर्षी पोरांनी ठरवलं, रहस्यनाटक करायचं. मी म्हटलं, मी माणूस आणतो. मॅडम तेव्हा निवृत्त झाल्या होत्या आणि भाट्याला माडांच्या सावलीत बसून स्वतःच रहस्यनाटकं लिहीत होत्या. लगेच तयार झाल्या. छत्री, एक पिशवी आणि पहिल्या दोन अंकांची वही घेऊन आमच्या घरी दहा दिवसांसाठी आल्या.

नाटकाचं नाव 'सात सह्या', तेही नंतर पडलेलं. साचा तोच. बंगला, पाऊस, पाण्याखाली गेलेला पूल, सात माणसं, एक प्रेत. पण मॅडम म्हणाल्या, "यात थोडा बदल आहे. तिसरा अंक इथे राहून लिहीन. माणसं बघून लिहिते."

अडचण पहिल्याच दिवशी आली. खुनी व्हायला चार जण तयार होते, प्रेत व्हायला कुणीच नाही. सुभाषला सांगितलं तर त्याची आई शाळेच्या पडवीत येऊन उभी राहिली. "माज्या पोराला तिरडीवर निजवायला नाय धाडलंय मी."

"तिरडी नाय गो काकी, बाकडां हाय."

"बाकड्यावर निजला तरी मेलाच ना. तुज्या भावाला निजव."

भावाच्या बायकोनेही नकार दिला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "प्रेत मी होते."

अनंतदादा, ज्यांना बंगल्याच्या मालकाचं काम दिलं होतं, म्हणाले, "तुमी? पावनी मानसां तुमी."

"मला सवय आहे. तीस वर्षं कॉलेजच्या बैठकांना बसलेय."

मग रोज दुपारी जेवणं झाली की शाळेच्या पडवीत तालीम. मॅडम बाकड्यावर पांढरी चादर डोक्यावरून ओढून निजायच्या आणि चादरीखालून दिग्दर्शन करायच्या. मी बाजूला वही घेऊन बसायचो. त्यांचा एकच आग्रह, वेग. "रहस्यनाटकात प्रेक्षकाला श्वास घ्यायला वेळ दिलात की तो खुनी ओळखतो." कुणी वाक्याआधी थांबला की चादर बोलायची: "सुभाष, दार उघडायला एवढा वेळ? तोवर मी कुजेन." पोरं हसून हसून खाली बसायची. अनंतदादांचं पाठांतर अजिबात नव्हतं. त्यांना चादर म्हणायची, "पाटील, तुमच्या बंगल्यात खून झालाय. तुम्ही बाजारात भाव विचारल्यासारखं बोलताय." त्यांनाही राग येत नसे. वाडीतल्या म्हाताऱ्या बायका तालमीला बसायला लागल्या, 'मेलेल्या बाईचं बोलनां' ऐकायला. ते पाच-सहा दिवस आमच्या वाडीत जेवढं हसू होतं तेवढं मी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी मॅडम एकट्या फिरायला जायच्या. सड्यावर. तिथे त्यांना रेणव्वा भेटली, यल्लप्पाची बायको. नवरा गेल्यावर ती गावी परतली नव्हती. काजूच्या कारखान्यात सोलायला जायची, एक मुलगी होती, पत्र्याच्या खोपटात राहायची. ज्या खाणीत नवरा गेला तिच्यात पाणी साचलेलं होतं, आणि मे महिन्यात सड्यावर दुसरं पाणी नसतं. रेणव्वा त्याच पाण्यावर कपडे धुवायला बसायची. हे मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मॅडमना ते पहिल्या सकाळी दिसलं आणि त्यांनी विचारलं. दोन वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

त्या दुपारी जेवताना मॅडमनी आम्हाला सांगितलं. रेणव्वा म्हणाली होती, "बाई, माझा नवरा पीत नव्हता. दात दुखला तर तंबाखू, तेवढंच. ते कागदात दारू कोण घातलं? पोरीला शाळेत दारुड्याची म्हणतात. मला ते एक काढून द्या, दुसरं काही नको." तिने एका वकिलाकडून कागदाची प्रत मिळवली होती. मजकूर वाचून घेतला होता, पण सह्या कुणाच्या ते तिला कळलं नव्हतं, आणि मॅडमना प्रत अजून बघायला मिळाली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "ज्यांनी त्यावर सह्या केल्या ते याच गावातले असतील. त्यांना शोधायला हवं."

आई भात वाढत होती. तिचा हात माझ्या ताटावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो मॅडम, शोधायला हवं."

तिसरा अंक दोन दिवसांत लिहून झाला. सातव्या दिवशीच्या तालमीला मॅडमनी पानं वाटली आणि नेहमीसारख्या चादर ओढून निजल्या. "पहिलं वाचन. अडखळलात तरी चालेल, थांबू नका."

तिसऱ्या अंकात पूल मोकळा होतो आणि एक तपासणीस येतो. त्याच्या हातात एक कागद. त्या सातांपैकी कुणीच खून केलेला नाही. ज्याने केला तो बंगल्यात नव्हताच, कधी येणारही नाही. या सातांनी फक्त, पाऊस थांबायच्या आधी, एका कागदावर सह्या केल्या आहेत. तपासणीस एकेकाला विचारतो, ही सही तुमची का. जो तो म्हणतो, माझीच, पण मी वाचलं नव्हतं.

तपासणीसाचं काम सुभाषचं. त्याने वाचलं, "मयताच्या तोंडाला दारूचा वास येत होता, असं यात लिहिलंय. वास घेतला कुणी?"

पुढचं वाक्य अनंतदादांचं होतं. ते वाचेनात. चादरीखालून आवाज आला, "पाटील, तुमचं वाक्य."

अनंतदादांनी पानं बाकड्यावर ठेवली. "मॅडम, ह्यां बदला."

"काय बदलू?"

"ह्यो शेवट. आमी वर्सातनं एकदा नाटक करतंव. मांडव शेठ देतत. त्यांनाच बोलावलंय उद्घाटनाला. त्यांच्या म्होरं ह्यां करायचां?"

मॅडम उठून बसल्या. "यात शेठचं नाव आहे का?"

"नाव नाय."

"खाण आहे का? गाव आहे का?"

"नाय. पन मानसां हायत."

"मग खोटं कुठे आहे तेवढं सांगा. ते मी आत्ता खोडते." त्यांनी पेन्सिल काढली. "सांगा, पाटील. कुणीही सांगा."

म्हाताऱ्या बायकांमधली एक उठून गेली, मग दुसरी. बाबू गुरव, नाटकात आचारी होते, ते भिंतीकडे बघत होते. अनंतदादांना राग आला होता, पण तो मॅडमवर नव्हता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"आमाला कशाला इचारता? तुमच्या ह्या विद्यार्थ्याला इचारा. पयली सय त्याची हाय. इंग्रजीत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर त्यांचीच वही होती.

"तुम्ही तिथे होतात, प्रशांत?"

"नाही मॅडम."

"प्रेत पाहिलंत?"

"नाही."

"कागद वाचलात?"

"नाही."

त्या बाकड्यावरून उतरल्या आणि चादरीची घडी घालायला लागल्या. दोन टोकं जुळवली, मधे दुमडली, पुन्हा दुमडली. सगळी पडवी ती घडी होईपर्यंत बघत होती. मग त्या मला म्हणाल्या, "चार वर्षं तुम्ही माझ्याकडे होतात." एवढंच. याहून जास्त काही बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मला राग कुणाचा येतो ते इथे लिहितो. शेठचा येतो, तो कुणालाही येईल. हवालदारांचा येतो. पण त्याहून जास्त मला त्या पडवीचा येतो. त्या दिवशी तिथे वीस-बावीस माणसं होती. त्यातलं एकही वाईट नाही. कुणाची गाय व्याली तर खरवस घरोघर पोचवणारी माणसं. त्यांना सगळं माहीत होतं, आणि दोन वर्षं ती रेणव्वाच्या समोरून येत-जात होती. यल्लप्पा आमचा नव्हता, एवढंच त्याचं चुकलं. त्याच्या जागी वाडीतला कुणी असता तर हाच गाव शेठच्या दारात बसला असता. आणि या सगळ्यात पहिला मी, कारण मला तर वाचता येत होतं.

मॅडम त्याच दुपारी निघाल्या. आईने थांबवायचा प्रयत्न केला. तिला म्हणाल्या, "तुमच्या हातचं जेवण चांगलं होतं, वहिनी. माझा राग तुमच्यावर नाही." पिशवी मी उचलली, त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. मी मागून फाट्यापर्यंत गेलो. तिथे रेणव्वा मुलीला घेऊन उभी होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. निघायच्या आधी मॅडम सड्यावर जाऊन तिला सांगून आल्या होत्या.

एसटी आली. मॅडमनी रेणव्वाला खिडकीशी बसवलं, मुलीला मधे घेतलं आणि आपण कडेला बसल्या. वाहकाने विचारलं, "कुठे?"

"कोर्ट."

"कोर्ट असा थांबा नाही, बाई. स्टँडला उतरा, पुढे चालत."

"चालेल. तीन द्या. एक अर्धं."

छत्री पायांत उभी धरून त्या सरळ पुढे बघत बसल्या होत्या. गाडी वळली तेव्हा रेणव्वाच्या मुलीने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी पाहिलं नाही. ते त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन.

पूजेला जुनं विनोदी नाटक झालं. शेठना शाल आणि नारळ दिला. मी जयगडला निघून गेलो होतो, पण मोबाइलवर फोटो आले.

नंतरचं मला वकिलांकडून कळलं. मॅडमनी रेणव्वाच्या नावाने कोर्टात अर्ज करवला, प्रत्येक तारखेला भाट्याहून देवरुखला येत राहिल्या. रक्ताच्या तपासणीचा अहवाल कागदपत्रांत नव्हताच. पण पंचनामा होता, दोन पंचांच्या सह्यांसकट, आणि तो खोटा आहे असं म्हणायला एकही पंच पुढे येत नव्हता. मॅडमनी मला एकदाही फोन केला नाही. निरोप पाठवला नाही. वकिलांना म्हणाल्या होत्या म्हणे, "तो पत्ता मला माहीत आहे. मी तिथे जाणार नाही." अर्ज वर्षभर तसाच पडून होता, आणि तो कुणासाठी पडून आहे ते मला माहीत होतं.

गेल्या आठवड्यात मी त्यांना भाट्याच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. त्याची नक्कल खाली देतो आहे.

आदरणीय मॅडम,

सोमवारी मी देवरुखच्या कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं. पंचनाम्यावरची सही माझी आहे, मी घटनास्थळी गेलो नव्हतो, प्रेत पाहिलं नव्हतं, कागद वाचला नव्हता आणि सही ग्रामपंचायतीत बसून केली, असं त्यात लिहिलं आहे. वकील म्हणाले की यामुळे माझ्यावरही कारवाई होऊ शकते. ऑफिसात मी साहेबांना सांगितलं आहे. ते म्हणाले, वर कळवावं लागेल. ते काय ठरवतील ते अजून समजलेलं नाही.

आदल्या दिवशी अनंतदादा घरी आले होते. वाडी आमच्याकडे येणं-जाणं बंद करेल म्हणाले. आईने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "सय माज्या पोराची हाय, ती तोच मागं घेल. तुमी बिस्किट घ्या." बाबू गुरव अजून तयार नाहीत. पण मी कोर्टातून बाहेर आलो तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे उभे होते. कशाला आले होते ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

रेणव्वा भेटली. तिला मी सगळं सांगितलं, पहिली सही माझी होती हेही. ती म्हणाली, "तू वाडीतलाच ना? रोज दिसत होतास." मी हो म्हटलं. तिने मला माफ केलेलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही.

तुम्ही परत बोलावं म्हणून हे पत्र लिहीत नाही. पुढच्या तारखेला शेठचे वकील मला उलट प्रश्न विचारणार आहेत, त्याची मी तयारी करतो आहे, आणि ती बरोबर आहे का हे विचारायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही. ते विचारतील, तुम्ही तिथे नव्हता, मग यल्लप्पा दारू प्यायला नव्हता हे तुम्हाला कसं माहीत? मी सांगणार आहे की मला माहीत नाही. तो कसा पडला, कड कधी सुटली, यंत्र आधी वर काढलं की माणूस, यातलं मी काहीही पाहिलेलं नाही. मला काहीही माहीत नव्हतं, आणि तरी मी सही केली. तेवढंच सांगायला मी आलो आहे.

आपला,
प्रशांत